आधी पाया, मग ॲम्प्लिफायर

गेल्या वर्षी गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मोठा वाद रंगला होता. एकांकिकेतले शब्द मागच्या रांगांना कळले नाहीत, याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. उपायही सगळ्यांनी एकमुखाने सांगितला : पुढच्या वर्षी मोठा ॲम्प्लिफायर आणायचा. मी त्या दिवशी गप्प बसले. कारण आदल्याच महिन्यात हाच उपाय मी घरी करून बसले होते आणि त्याचा दुसरा हप्ता अजून फिटायचा होता. एरवी मी वादात मागे राहणारी नाही, हे वर्गमित्र जाणतातच.

मराठी वाङ्मय घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीने वॉट आणि डेसिबल यांवर लिहावे, याचे काही प्राध्यापकांना नवल वाटेल. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदारालाही वाटले होते. "मॅडम, किसके लिए चाहिए?" असे त्याने मला तीनदा विचारले. माझ्यासाठीच हवा आहे हे त्याला शेवटपर्यंत पटले नाही. असो.

आमची खोली लालबागला, जुन्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. दहा बाय बारा. खाली सागाच्या तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर कोबा आणि वर लादी. गल्लीच्या तोंडाशी मसाल्याचे डंख आहेत. मार्च-एप्रिलमध्ये मिरचीचा मोसम सुरू झाला आणि ती लोखंडी मुसळे उठू-पडू लागली, की आमच्या फडताळातल्या कपबश्या आपोआप किणकिणू लागतात. तेव्हा जमीन हलते म्हणजे काय, हे मला पुस्तकात वाचावे लागले नाही. मात्र त्याचा अर्थ कळायला उशीर लागला.

या खोलीत वडिलांनी चोरबाजारातून आणलेली विलायती स्पीकरची जोडी आहे. एकेक स्पीकर बारा किलोचा, आत आठ इंची वूफर, मागच्या पट्टीवर '८ ओहम' आणि '८७ डेसिबल' असे छापलेले. ही जोडी घरात आली तेव्हा आईने वडिलांशी आठ दिवस अबोला धरला होता. कपाटाची जागा तिने खाल्ली होती, त्यामुळे आईचे काही चुकले असे मला वाटत नाही. त्यांना जोडलेला ॲम्प्लिफायर मात्र अगदीच गरीब होता : ४४४० नावाच्या आयसीवर बांधलेला, दोन्ही बाजूंना मिळून बारा-एक वॉट देणारा आणि गाणे नसतानाही हूं हूं करणारा.

ऐकणारे मुख्य श्रोते आमचे आजोबा. ते साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याआधीच्या संध्याकाळी ते गिरणीतून बाहेर पडले ते पुन्हा आत गेले नाहीत. तोवर तेरा वर्षे ते साच्यांमध्ये उभे होते. धोट्याचा साचा मिनिटाला दीडशे-दोनशे फटके मारतो, आणि खात्यात असे शेकडो साचे एकदम चालतात. तिथे शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीही बोलायचे ते ओठांनी आणि हातांनी. अशा गोंगाटाने कान सरसकट सगळीकडून बसत नाहीत. आधी बसतो तो वरचा, बारीक स्वरांचा भाग, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासचा. खर्ज शाबूत राहतो. कायद्यात हा बहिरेपणा व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला आहे. आजोबांच्या बाबतीत तो नोंदण्याआधी गिरणीच बंद पडली.

आजोबांना आवडते ते डबलबारी भजन. तरुणपणी ते स्वतः पखवाजाला बसत. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत तीस-बत्तीस कॅसेटी आहेत. त्या लावल्या की पखवाजाची धुम त्यांना लागे, झांजा लागत नसत आणि बुवांचे शब्द तर मुळीच नाहीत. "मोठा कर," म्हणत. मी मोठा करी. बारा वॉटचा जीव तो केवढा! आवाज फाटायचा. म्हणून शिकवण्यांचे साठवलेले अकरा हजार रुपये, तेही दोन हप्त्यांत, देऊन मी शंभर-शंभर वॉटचा जुना ॲम्प्लिफायर आणला.

आता थोडा हिशेब सांगते. तो मी आधी करायला हवा होता. वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. हा फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट झालासा वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. मी सहा वॉटवरून शंभरावर गेले. वॉट झाले सोळापट आणि वाढ मिळाली बारा डेसिबलची. म्हणजे कानाच्या मापाने दुपटीहून थोडे जास्त. तेही मी बटण शेवटपर्यंत फिरवले तर. एरवी आमच्या खोलीत काय लागते? ८७ डेसिबलचा स्पीकर एका वॉटला एका मीटरवर तेवढा आवाज देतो. दोन मीटरवर, दोन स्पीकर धरून, ८४. घरात आपण साधारण ७० डेसिबलला ऐकतो. त्याला एका वॉटचा पंचविसावा हिस्सा पुरतो. पखवाजाची एखादी जोरकस थाप सरासरीच्या वीस डेसिबल वर उसळली, तरी लागतात चार वॉट. चार! उरलेले शहाण्णव वॉट मी कशासाठी विकत घेतले होते, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

मोठा ॲम्प्लिफायर नेहमीच वाया जातो असे माझे म्हणणे नाही. जुन्याची घरघर गेली, फाटणे गेले, आणि हा फायदा खरा आहे. मर्यादेपलीकडे ताणलेला छोटा ॲम्प्लिफायर लाटांची डोकी छाटतो. त्या छाटलेल्या लाटांनी स्पीकरमधला बारीक आवाजाचा नाजूक ट्वीटर जळूही शकतो. काही स्पीकर मुळातच आळशी असतात, ८२-८३ डेसिबलचे. काहींचा ओहम मध्येच तीनपर्यंत उतरतो आणि मग ॲम्प्लिफायरला दम लागतो. तिथे पैसे घालावेत. पण 'पुरेसा' आणि 'मोठा' यांत फरक आहे, आणि दुकानात 'पुरेसा' नावाचा माल कोणी पुढे करीत नाही. हल्ली डी वर्गाचे तळहाताएवढे ॲम्प्लिफायर दोन-एक हजारांत मिळतात आणि आमच्यासारख्या खोलीला ते सहज पुरतात. हे कळले तेव्हा माझा पहिला हप्ता गेलेला होता.

नवा ॲम्प्लिफायर आल्यावर चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या ताई वर आल्या. त्या परळच्या एका इस्पितळात परिचारिका आहेत. महिन्यातून कितीतरी दिवस रात्रपाळी असते आणि त्या दिवसा झोपतात. भांडायला आल्या असत्या तर मीही भांडले असते. चाळीत त्याची सवय असते. पण त्या म्हणाल्या, "तू जरा खाली ये. भावाला लावायला सांग आणि माझ्या खोलीत उभी राहून ऐक."

मी गेले. वर भावाने भजन लावले. खाली गाणे आलेच नाही. शब्द नाहीत, सूर नाहीत, पेटी नाही. आली ती नुसती धुम. छतातून, भिंतीतून, पायांखालून. तिच्यामागोमाग ताईंच्या मांडणीवरची स्टीलची पातेली, एकेक करून, थरथरायला लागली. उशीजवळच्या तांब्यातले पाणी शहारत होते. त्यांनी एक शब्दही बोलायची गरज नव्हती. माझ्या आजोबांना गाणे ऐकू यावे म्हणून मी केलेला सगळा खर्च गाणे वगळून त्यांच्या डोक्यावर पडत होता.

आता, कायदा माझ्या बाजूचा होता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीच्या भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. मी लावत होते दुपारी चारला. पण रात्रपाळीच्या माणसाची रात्र दुपारीच असते, हे नियम लिहिणाऱ्यांपेक्षा चाळींना आधी ठाऊक होते. गिरण्या तीन पाळ्यांत चालत, तेव्हा याच खोल्यांतून एका पाळीचा माणूस उठे आणि त्याच जागी दुसऱ्या पाळीचा आडवा होई. कोणत्याही घटकेला मजल्यावर कोणीतरी झोपलेले असायचेच. आजी सांगते की दुपारी पाटा-वरवंट्याखाली गोणपाटाची घडी घालीत. मी ही गोष्ट आजवर 'जुन्या काळच्या आठवणी' या सदरात टाकली होती. खरे तर ती अभियांत्रिकी होती.

संध्याकाळी आजोबांना सगळे ओरडून सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "खयच्या गिरणीत साचे माळ्यार बघलंस गो?" मी कुठल्याच गिरणीत काहीच बघितलेले नाही, मी जन्मले तेव्हा तिथे मॉल उभे राहू लागले होते. पण त्यांचे म्हणणे नंतर नीट कळले. गिरणीत सूतकताईची खाती दोन-तीन मजले चढवीत. विणाईचे खाते मात्र बहुधा जमिनीवर, करवतीच्या दातांसारख्या छपराखाली बैठे. साच्याचा धक्का मजल्यावर चढवायचा नाही, तो जमिनीत जाऊ द्यायचा, हे बांधणाऱ्यांना ठाऊक होते. यंत्र किती मोठे याआधी ते कशावर बसते, हे ते बघत. मी मात्र शंभर वॉटचा साचा लाकडी माळ्यावर बसवला होता.

येथून माझे स्पीकरखालचे प्रयोग सुरू झाले. पहिली चूक तिथेही झाली. एका मित्राने सांगितले की चांगल्या स्पीकरखाली टोकदार खिळे लावतात. ते लावतात हे खरे. गालिच्यातून खाली घुसून स्पीकर पक्का उभा राहावा यासाठी ते असतात. पण खिळा स्पीकरला जमिनीपासून तोडत नाही. तो त्यांना जोडतो. काँक्रीटच्या तळमजल्यावर राहणाऱ्याने खुशाल लावावेत. लाकडी माळ्यावर राहणाऱ्याने खिळे लावणे म्हणजे शेजाऱ्याच्या छतात खिळे ठोकणे होय.

मग वॉशिंग मशीनच्या पायांखाली घालतात ती रबरे आणली. काहीच फरक पडेना. का पडेना, ते समजायला एक साधा नियम पुरतो. वजन ठेवल्यावर खालची स्प्रिंग, रबर किंवा जे काही असेल ते, किती मिलिमीटर दबते ते पाहायचे. त्या आकड्याच्या वर्गमुळाने १६ ला भागले की त्या जोडगोळीची स्वतःची डुलण्याची गती मिळते, सेकंदाला किती वेळा ती. एक मिलिमीटर दबली तर १६, चार मिलिमीटर दबली तर ८. या गतीच्या सुमारे दीडपटीच्या वरची कंपनेच काय ती अडतात. त्याखालची सरळ पलीकडे जातात. आणि नेमकी त्या गतीजवळची असतील तर ती उलट वाढतात, झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का द्यावा तशी. माझी रबरे डोळ्यांना दिसण्याइतकीही दबली नव्हती. पाव मिलिमीटर धरा : गती ३२, अडवणूक सुरू होणार ४५ च्या वर. त्यातून रबर स्थिर वजनापेक्षा कंपनाला अधिक ताठ वागते, म्हणजे प्रत्यक्षात तेवढेही नाही. माझ्या स्पीकरचा खर्ज ४५-५० पासूनच सुरू होतो. म्हणजे मी दार लावले होते, पण चौकटीबाहेर.

शेवटी जे जमले ते सांगण्यात थोडी लाज वाटते. कोणाचा तरी ओटा फोडला होता, त्याचे कडप्प्याचे दोन तुकडे जिन्याखाली पडले होते. ते वर आणले. प्रत्येकाखाली स्कूटरची जुनी ट्यूब घातली. ट्यूब अशी फुगवायची की स्पीकर आणि दगड मिळून वीस किलोचे वजन ठेवल्यावर ती सेंटिमीटरभर दबावी, पण दगड लादीला टेकू नये. वरच्या हिशेबाने डुलण्याची गती येते पाचच्या आसपास आणि सात-आठच्या वरचे सगळे अडू लागते. भर मिळावी म्हणून दगड हवा; नुसत्या ट्यूबवर स्पीकर हिंदकळतो. दगडासकट तो हिंदकळला नाही असे नाही. भावाचा रबरी चेंडू लागून एक स्पीकर पहिल्या आठवड्यात आजीच्या पाटावर पडला. आता त्याला पट्टा बांधला आहे. दर पंधरा दिवसांनी हवा भरावी लागते. खर्च, पंक्चर धरून, दीडशे रुपये. स्पीकर कोपऱ्यांतून दोन फूट बाहेर काढले. कोपरा खर्ज फुगवतो. त्याला मात्र आईची परवानगी मिळवणे ट्यूब मिळवण्यापेक्षा कठीण गेले.

पुन्हा खाली जाऊन ऐकले. मांडणी गप्प होती. धुम पूर्ण गेली नव्हती. हवेतून, गॅलरीच्या दारातून येणारा खर्ज कोणत्याही ट्यूबने अडत नाही, आणि तसे सांगणारा विक्रेता खोटे बोलतो. पण ताई म्हणाल्या, "एवढ्यात झोपेन मी." शिवाय त्यांच्या पाळ्यांचे वेळापत्रक आता आमच्या दारामागे लावलेले आहे.

विक्रेत्यांचा विषय निघालाच आहे तर सांगते. मुंबईत लाखांचे स्पीकर विकणारी वातानुकूलित दालने आहेत आणि तिथे कंपन अडवणारे पाय हजारांनी विकले जातात. त्यांतले काही शास्त्राला धरून आहेत. रेकॉर्ड प्लेयरखाली असे पाय लावले तर फरक पडतो, कारण सुई कंपन वाचण्यासाठीच असते आणि जमिनीचे कंपनही ती इमानाने वाचते. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरलाही धक्का ऐकू येतो. पण साध्या ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरखाली महागडे पाय ठेवून गाणे 'मोकळे' होते, असे मला कोणी डोळे बांधून ओळखून दाखवले, तर मी माझी मते बदलीन. तोवर दमड्या राखाव्यात.

आता राहिले आजोबांचे शब्द. त्यासाठी जे केले त्याला काहीच लागले नाही. त्यांची खुर्ची स्पीकरपासून तीन मीटरवर, दाराशी होती. ती दीड मीटरवर आणली. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की ६ डेसिबल मिळतात. ही वाढ विकत घ्यायची तर ॲम्प्लिफायर चौपट वॉटांचा लागेल. खोलीत भिंतींचा आवाज मिसळतो म्हणून फायदा थोडा कमी, पण दुसरे एक साधते : बोललेला शब्द भिंतींवरून फिरून येणाऱ्या प्रतिध्वनीच्या आधी आणि त्याहून मोठा कानाशी येतो. खर्जाचे बटण खाली, वरच्या स्वरांचे जरा वर. त्या संध्याकाळी आजोबांनी बुवांची एक अख्खी ओळ त्यांच्यामागून म्हटली. पाठ होती म्हणून की ऐकू आली म्हणून, ते मी विचारले नाही. श्रवणयंत्राची गोष्टही काढून पाहिली आहे. "बघूया," म्हणाले. आमच्या घरात 'बघूया' म्हणजे नाही.

गॅदरिंग समितीला माझे सांगणे एवढेच की भाड्याने मोठा ॲम्प्लिफायर आणण्याआधी स्पीकर रंगमंचाच्या पोकळ फळ्यांवरून खाली उतरवून पाहा. त्या फळ्या स्पीकरबरोबर घुमतात आणि तिथला माइक तो घुमारा पुन्हा उचलतो. आणि मागच्या रांगांसाठी दोन लहान स्पीकर मागच्या रांगांजवळच ठेवा. पैसे वाचले तर नेपथ्याला द्या. गेल्या वर्षीचा राजवाडा सुतळीने बांधलेला दिसत होता.

एक गोष्ट मात्र माझ्या हिशेबात बसली नाही. ट्यूब बसवल्या त्याच दिवशी आजोबा खुर्चीवर बसले, भजन सुरू झाले, आणि थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, "बंद केलंस काय गो?" मी बटणाकडे पाहिले. आवाज होता तेवढाच होता. मग त्यांच्या पायांकडे लक्ष गेले. अनवाणी तळवे लादीवर सपाट टेकलेले. इतकी वर्षे पखवाज ते तळव्यांनी ऐकत होते, आणि ताईंच्या मांडणीबरोबर मी त्यांची ती वाटही बंद केली होती.

हवा काढू का, असे मी विचारले. खाली ताई झोपलेल्या होत्या. त्यांनी दारामागच्या वेळापत्रकाकडे बोट दाखवून नको म्हटले. मग खुर्ची आणखी हातभर पुढे ओढली आणि डावा पंजा स्पीकरच्या पेटीवर पालथा ठेवला. आता रोज तसेच बसतात. पेटीवरचे पॉलिश तेवढ्या जागी गेले आहे.